सुटकेसवरचं नाव

विमानात बसायला तेव्हा कोणी ओळखपत्र मागत नसे. आता हे सांगितलं तर नातवंडं हसतात. पण खरंच, हातात तिकीट असलं की झालं. तिकिटावर मिसेस, एक इंग्रजी अक्षर आणि आडनाव. ना फोटो, ना वय, ना पत्ता. माझ्या नवऱ्याच्या ऑफिसातले एक साहेब मेव्हण्याच्या तिकिटावर दिल्लीला जाऊन आले होते आणि पुढे वर्षभर ती गोष्ट सगळ्यांना ऐकवत होते. धाकट्या जावेचं मुंबईचं तिकीट आमच्या घरात आलं त्या दिवशी मला ते साहेब नको तितके आठवले. तिकिटावरचं आडनाव माझंही होतं. मिसेस तर मी तिच्या कितीतरी आधीपासून होते. मधलं एक अक्षर तेवढं तिचं.

मला तिचा हेवा वाटायचा. वाटणारच. ती मुंबईची, एम.एस्सी. झालेली, आणि मी मौद्याच्या मास्तरांची मॅट्रिक मुलगी. ती सकाळचा चहा खुर्चीवर बसून, पेपर वाचत प्यायची. मी त्या घरात चहा कधी बसून प्यायले होते, ते मला आठवत नव्हतं. तिच्या हातून भाजी करपली की सासूबाई म्हणायच्या, शिकलेल्या पोरींचं असंच असते. माझ्या हातून करपली की त्या काहीच म्हणायच्या नाहीत, नुसतं ताटाकडे पाहायच्या. पण हे सगळं मी गिळलं असतं. खरी ठसठस वेगळ्याच गोष्टीची होती, आणि ती माझ्या लग्नापासूनची होती.

आमच्यात लग्नात ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा त्यात अंगठीनं बायकोचं नवीन नाव लिहितो. माझ्या लग्नात ताट आलं तेव्हा मी मुंडावळ्या बाजूला करून मान लांब केली आणि स्वतःचं नाव पहिल्यांदा वाचलं. मला कोणी विचारलं नव्हतं. सासूबाईंनी ठरवलं होतं म्हणे. वाईट नव्हतं नाव, पण माझं नव्हतं. सगळ्यांचंच बदलतं, म्हणून मी गप्प बसले. माझे वडील तेवढे होते तोवर मला जुन्या नावानं हाक मारत. ते गेल्यावर त्या नावानं हाक मारणारं कोणी उरलं नाही. मग धाकट्या दिराचं लग्न झालं. ताट आलं, तांदूळ पसरले, आणि त्यानं तिचं होतं तेच नाव लिहिलं. सासूबाई शेजारीच बसल्या होत्या. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिले, आता बोलतील, आता बोलतील म्हणून. त्या म्हणाल्या, छान आहे नाव, राहू दे. त्या मांडवात माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला की मी उठून आचाऱ्याकडे जाऊन उगाच जिलेबीची चौकशी करून आले.

तर ते तिकीट. जावेला मुंबईच्या एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेतून मुलाखतीचं बोलावणं आलं होतं. पत्र आधी तिच्या माहेरच्या जुन्या पत्त्यावर गेलं, तिथून फिरत फिरत आमच्याकडे महाल भागात आलं, तोवर मुलाखत तोंडावर आलेली. लग्नसराईचे दिवस, रेल्वेत पाय ठेवायला जागा नाही. तिच्या भावानं तिकडून सूत्रं हलवली आणि विमानाचं तिकीट इथल्या एजंटाकडून घरपोच आलं. विमान दुपारचं, मुलाखत दुसऱ्या दिवशी सकाळी. ते विमान चुकलं तर नोकरी गेली, इतकं सरळ होतं.

आणि नोकरी लागली तर काय, तेही सरळ होतं. दिराची मुंबईला बदली होण्यासारखी होती. ती दोघं जाणार, त्यांचा वेगळा संसार होणार. आणि मी राहणार त्या घरात, सासूबाईंसमोर, उभ्यानं चहा पीत. हे मला त्या तिकिटाकडे पाहताच समजलं. तिला नोकरी लागू नये असं मी देवाजवळ मागितलं नाही. पण लागावी असंही मागितलं नाही. त्या दिवशी मी देवासमोर फक्त दिवा लावला आणि उठले.

निघायच्या सकाळी सासूबाईंनी जावेची रेक्झिनची पिशवी पाहिली. चेन उसवलेली, एक बंद शिवलेला. म्हणाल्या, विमानानं जाऊन राहिली अन् भाजी आणायची पिशवी घेऊन? आणि त्या सरळ माझ्या खोलीत गेल्या. कपाटावरची माझी सुटकेस खाली काढली, तिच्यातले स्वेटर आणि शाली माझ्या पलंगावर ओतल्या आणि रिकामी सुटकेस जावेच्या हातात दिली. मी दारात उभी होते. मला विचारायचं कोणाला सुचलं नाही. जाऊ म्हणाली, वहिनी, चालेल ना? मी म्हटलं, न चालायला काय झालं.

ती सुटकेस माझ्या वडिलांनी लग्नात दिली होती. तपकिरी, पितळी कोपऱ्यांची. मौद्याच्या दुकानांच्या पाट्या रंगवायचा त्या पेंटरकडून त्यांनी झाकणावर पांढऱ्या ऑइलपेंटनं माझं नाव घालून घेतलं होतं. आधी कुमारी, मग माझं, मग त्यांचं, मग आडनाव, खाली मुक्काम मौदा. लग्नाआधी नवं नाव कोणाला ठाऊक नव्हतं, म्हणून माहेरचंच घातलं. इतक्या वर्षांत रंग जरासुद्धा उडाला नव्हता. त्या सुटकेसनं माझ्याबरोबर फार तर रामटेक आणि वर्धा पाहिलं होतं. आता ती मुंबईला विमानानं चालली होती, आणि मी कणीक मळत होते.

दीर दौऱ्यावर होता, माझे यजमान ऑफिसात. तेव्हा तिला सोडायला मी आणि सासूबाई निघालो. एका ऑटोत आम्ही तिघी, आणि सुटकेस माझ्या मांडीवर, कारण जावेच्या साडीची इस्त्री मोडली असती. फिकट निळी साडी होती. मुलाखतीची वेगळी, आणि ही फक्त विमानात बसायची. विमानात बसायला वेगळी साडी लागते हे मला तोवर माहीत नव्हतं. वर्धा रोडनं सोनेगावच्या विमानतळावर पोचेपर्यंत सासूबाई तिला सांगत होत्या की कानात कापूस घाल, आणि खिडकीतून फार खाली पाहू नको. जशा काही स्वतः दर आठवड्याला जाऊन येत होत्या.

विमानतळावर आम्हाला लोखंडी कठड्यामागे उभं केलं. तिथून विमान अगदी समोर दिसायचं, माणसांचे चेहरे ओळखू येतील इतकं जवळ. आत बायकांची पर्स वगैरे तपासून झाली आणि प्रवासी बाहेर आले. त्या दिवसांत कुठे कुठे बॉम्बच्या बातम्या येत असत, म्हणून एक नवा नियम झाला होता. माणसाला कोणी विचारत नव्हतं तू कोण म्हणून, पण सामानाला मालक लागायचा. सगळ्यांच्या बॅगा विमानाजवळ जमिनीवर ओळीनं मांडून ठेवत. प्रत्येकानं जाऊन आपल्या बॅगेवर बोट ठेवायचं. मग हमाल तिच्यावर खडूनं फुली मारून ती गाडीवर चढवायचा, आणि मग त्या माणसानं शिडी चढायची. जी बॅग उरेल ती विमानात जाणार नाही, आणि जिचा संशय येईल तिच्या मालकालाही ठेवून घेतील, असं शेजारी उभा असलेला एक गृहस्थ मला समजावून सांगत होता.

जावेनं माझ्या सुटकेसवर बोट ठेवलं. हमालानं खडू काढला, इतक्यात तिथल्या पोलीस अधिकाऱ्यानं त्याला थांबवलं. तो वाकला आणि झाकण वाचू लागला. उत्तरेकडचा असावा, उंच, मिशीवाला. वाचून झाल्यावर त्यानं जावेचं तिकीट मागितलं. तिकीट पाहिलं, झाकण पाहिलं, पुन्हा तिकीट पाहिलं. जाऊ हात हलवून काही सांगत होती. बाकीचे प्रवासी एक एक करून शिडी चढले. ओळीत एकच सुटकेस राहिली, आणि तिच्यापाशी ती निळी साडी.

काय झालं होतं ते कळायला मला वेळ लागला नाही. परक्याचं सामान घेऊन चालली आहे असं त्याला वाटलं होतं. आणि माझ्या पोटात, खोटं कशाला बोलू, एकदम गार वाटलं. मनात म्हटलं, घ्या. आधी विचारलं असतं तर मी सांगितलं नसतं का, की त्यावर माझं नाव आहे.

जावेनं वळून कठड्याकडे हात केला. एक महिला पोलीस चालत आमच्याकडे आली आणि ती सुटकेस कोणाची आहे म्हणाली. मी म्हटलं, माझी. चला मग, साहेब बोलावतात. तिनं फाटक उघडलं आणि मी आत गेले. सासूबाईंना कोणी बोलावलं नव्हतं, पण त्याही माझ्यामागून आल्या, आणि त्यांना थांबवायची कोणाची छाती झाली नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी विमानाच्या इतकी जवळ गेले. जमीन तापली होती, वाऱ्याला रॉकेलसारखा वास होता. शिडीच्या वर एक हवाई सुंदरी उभी राहून घड्याळ पाहत होती.

अधिकारी मला म्हणाला, यह आपका है? मी हो म्हटलं.

"नाम बताइए."

मी नाव सांगितलं. खणखणीत आवाजात, आडनावासकट. त्यानं खाली झाकणाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. जावेनं डोळे मिटून घेतले. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की मी घरातलं नाव सांगितलं होतं. तांदळातलं.

मुद्दाम नाही सांगितलं. आजही कोणी शपथ घे म्हटलं तर घेईन. नाव विचारल्यावर जे तोंडात आलं ते आलं. जे नाव बदललं म्हणून मी इतकी वर्षं मनातल्या मनात जळत होते, ते ऐन वेळी मलाच आठवलं नाही. मी घाईनं म्हटलं, नहीं नहीं, वो भी मेरा है, पहले का. आणि जुनं नाव सांगितलं. इतक्या वर्षांनी ते जिभेवर आलं तर ते दुसऱ्या कोणाचं तरी वाटलं, आणि मला वाटतं त्यालाही तसंच ऐकू आलं. तो म्हणाला, वाचून तर कोणीही सांगेल.

झाकणावर ढळढळीत लिहिलेलं. खरंच, कोणीही वाचून सांगितलं असतं. माझ्याजवळ दुसरा पुरावा काय होता? मॅट्रिकचं सर्टिफिकेट मौद्याला, भावाच्या कपाटात. गळ्यातलं मंगळसूत्र काही बोलत नाही. अधिकाऱ्यानं सुटकेस उघडायला लावली, जावेचे कपडे, तिचे कागद, कापसाची पुडी, सगळं वरखाली करून पाहिलं. काही निघालं नाही. तरी त्याचं समाधान होईना. प्रवासी एक, सुटकेसवर दुसरी, आणि मालकीण म्हणून आलेली तिसरीच. जाऊ म्हणाली, सुटकेस इथेच राहू द्या, मी कागद हातात घेऊन जाते. तर तो म्हणाला, सामान सोडून जायला निघालेली बाई तर मी मुळीच सोडणार नाही. वरून हवाई सुंदरीनं विचारलं, किती वेळ? त्यानं हातानं, थांबा, अशी खूण केली. जावेचा चेहरा पांढरा पडला होता. तिच्या भावानं तिला बजावलं होतं म्हणे, ही जागा पुन्हा निघणार नाही.

तेव्हा सासूबाई पुढे झाल्या. डोक्यावरचा पदर नीट केला आणि अधिकाऱ्याला माझं जुनं नाव सांगितलं. झाकण तेव्हा उघडंच होतं, अक्षरं मागच्या बाजूला, आणि एरवीही त्यांना वाचता येत नव्हतं. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, मुक्काम मौदा, सगळं जसंच्या तसं. मी ते त्यांच्या तोंडून उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं.

"मेरी बहू है," त्या म्हणाल्या. "शादी में नाम बदला. मैंने बदला."

"क्यों बदला?" त्यानं विचारलं. त्याला ते खरंच कळत नव्हतं. त्याच्याकडे आडनाव बदलत असेल, पण माणसाचं नावच बदलायचं हे त्याला पोलिसी संशयाचं काम वाटत होतं.

सासूबाईंनी नजर विमानाकडे वळवली. ती महिला पोलीस मध्ये पडली. हमारे इधर ऐसाच रहता साहब, म्हणाली, मेरा भी बदलाया. अधिकाऱ्यानं तिच्याकडे पाहिलं, मग जावेकडे वळला. आपका? तो म्हणाला.

जाऊ खाली मान घालून म्हणाली, मेरा नहीं बदला.

त्यानं आम्हा सगळ्यांकडे एकदा आळीपाळीनं पाहिलं आणि हात झटकला. जाने दो. हमालानं सुटकेस बंद करून खडूची फुली मारली, नेमकी माझ्या नावावर, आणि उचलून नेली. जावेनं तिथेच, त्या तापल्या जमिनीवर, वाकून सासूबाईंना नमस्कार केला, मग मला. मी आशीर्वाद दिला की नाही ते आठवत नाही. ती शिडी चढली. तिच्या निऱ्या वाऱ्यानं उडत होत्या आणि ती एका हातानं धरत होती. इतकी चांगली दिसत होती की मला पाहवेना. मला काही पावलं पुढे जायला कोणी अडवलं नसतं, असं उगाच वाटलं. मग महिला पोलिसानं आम्हाला परत फाटकाबाहेर आणलं.

नोकरी तिला लागली. ती दोघं मुंबईला गेली, पुढे ती कंपनीच्या कामानं कितीदा तरी विमानानं हिंडली. ते सगळं नंतरचं.

परतताना ऑटोत आम्ही दोघीच होतो. मांडीवर काही नव्हतं, त्यामुळे हात कुठे ठेवावे कळेना. विमान आमच्या डोक्यावरून गेलं तेव्हा सासूबाईंनी बाहेर वाकून पाहिलं. मी पाहिलं नाही. माझा राग आता विमानावर नव्हता, जावेवरही नव्हता. माझं नाव मी विसरले होते आणि या बाईला ते गावासकट पाठ होतं. पाठ होतं, आणि तरी एकदाही तिनं ते घरात उच्चारलं नव्हतं. अजनीपर्यंत मी दम धरला. मग मला राहवलं नाही.

"तिचं नाव तुमी राहू देलं," मी म्हटलं. "माहंच काहून बदललं?"

इतक्या वर्षांत त्यांना असं काही विचारायची माझी पहिलीच वेळ. मला वाटलं, आता ऐकावं लागेल. त्यांनी पदराच्या टोकानं कपाळ पुसलं. ऑटोचा आवाज इतका होता की मला त्यांच्याकडे सरकावं लागलं.

"ते माहं नाव होतं वं," त्या म्हणाल्या. "माहेरचं. ह्या घरात आली अन् यायनं काढून घेतलं. मंग तू आली, तेच नाव घेऊन. दिवसभर पोट्टे तुले त्या नावानं हाका मारतीन, अन् मी ऐकून राहीन? मले नसतं झालं सहन."

मी त्यांच्या माहेरच्या माणसांना पाहिलं होतं. ती सगळी त्यांना बाई म्हणायची. घरात त्या आई, आळीत काकू. त्यांना आणखी काही नाव असेल, हे मला कधी सुचलंच नव्हतं.

मी तेच नाव घेऊन आले तेव्हा त्यांच्या मनात काय झालं असेल ते मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्याच आगीवर मी इतकी वर्षं स्वयंपाक केला होता. महाल येईपर्यंत, एकाच नावाच्या आम्ही दोघी बायका, ऑटोच्या दोन बाजूंनी बाहेर पाहत बसलो.